पोत्सुओली : रोमच्या जुन्या बंदरपेठेत

इटलीच्या प्रवासाला निघालेली बहुतेक कुटुंबे नेपल्सला उतरतात ती पाँपेई पाहण्यासाठी. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या नगरीतील घरे, रस्ते आणि भित्तिचित्रे पाहून ती रोमकडे परततात. नेपल्सच्या पश्चिमेला, आगगाडीने साधारण अर्ध्या तासावर, पोत्सुओली नावाचे एक गजबजलेले बंदर आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पेढी, वखार आणि खातेवही यांच्याच गोष्टी निघतात, त्यांनी मात्र या गावासाठी एक पूर्ण दिवस अवश्य राखून ठेवावा. रोम म्हटले की सम्राट आणि सेनापती आठवतात. पोत्सुओलीत भेटतो तो रोमन जगातील व्यापारी, त्याच्या कर्जासह आणि शपथेसह.

या गावाची वस्ती फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सामोस बेटावरील हुकूमशहाच्या जाचाला कंटाळून निघालेल्या ग्रीकांनी येथे वसाहत केली आणि तिचे नाव ठेवले दिकायार्खिया, म्हणजे न्यायाचे राज्य. पुढे इसवी सनापूर्वी 194 मध्ये रोमने आपली वसाहत स्थापन केली व गावाला पुतेओली हे लॅटिन नाव रूढ झाले. खुद्द रोमजवळ मोठ्या जहाजांना सुरक्षित असे खोल बंदर नव्हते. त्यामुळे इजिप्तचा गहू आणि पूर्वेकडील मौल्यवान माल घेऊन येणारी गलबते पुतेओलीलाच नांगर टाकीत. दोन शतकांहून अधिक काळ रोमच्या पोटाची आणि चैनीची सोय या बंदरातून होत होती.

पश्चिम किनाऱ्यावरून पुतेओलीपर्यंत

या पूर्वेकडील मालात भारताचा वाटा मोठा होता. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी ग्रंथात भडोच, कल्याण आणि चौल ही बंदरे येतात. तसेच घाटावरील पैठण आणि तेर या पेठांतून गाड्यांवर लादून भडोचला येणारे रंगीत दगड आणि सुती कापड यांचाही उल्लेख येतो. मलबारची मिरी, कापड, रत्ने व सुगंधी द्रव्ये मोसमी वाऱ्यांबरोबर तांबड्या समुद्रातील इजिप्तच्या बंदरांवर उतरत. तेथून उंटांवरून नाईल नदीपर्यंत, नदीतून अलेक्झांड्रियापर्यंत आणि तेथून मोठ्या जहाजांतून पुतेओलीपर्यंत असा त्यांचा प्रवास होई. उलट दिशेनेही वस्तू येत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती तेथील संग्रहालयात आजही पाहता येते. ती ज्या व्यापाराने पंचगंगेच्या काठी आली, त्या व्यापाराचे दुसरे टोक म्हणजे पुतेओलीचा हा धक्का.

अलेक्झांड्रियाचा तांडा येण्याचा दिवस या गावात सणासारखा असे. तत्त्वज्ञ सेनेका याने एका पत्रात त्याचे वर्णन केले आहे. मोठ्या तांड्याच्या पुढे टपालाची हलकी जहाजे येत. अलेक्झांड्रियाच्या जहाजांनाच शिडाचा वरचा भाग उभारलेला ठेवण्याची मुभा असल्यामुळे ती दुरूनच ओळखू येत आणि सारे गाव धक्क्यावर जमा होई. सेनेका हा स्वतः अतिशय श्रीमंत होता. इजिप्तमध्ये त्याची मालमत्ता होती आणि त्या जहाजांतून त्याच्याही नावाची पत्रे येणार होती. तरी धक्क्याकडे धावणाऱ्या गर्दीत आपण गेलो नाही, पत्रांत नफा आहे की तोटा हे जाणून घेण्याची घाई वाटली नाही, याचेच आपणास समाधान वाटले, असे तो लिहितो. वृद्धापकाळी आलेली ही निवृत्ती खरी किती आणि लेखणीपुरती किती, यावर अभ्यासकांचा वाद चालू राहील. परंतु बाजारभावाच्या बातमीची वाट पाहत ज्याने रात्री जागवल्या आहेत, त्याला या ओळींचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सम्राट ऑगस्टसची एक हकीकतही याच उपसागरातील आहे. इसवी सन 14 मध्ये, मृत्यूपूर्वी काही दिवस, तो येथून जात असता नुकत्याच आलेल्या अलेक्झांड्रियाच्या जहाजावरील खलाशांनी आणि उतारूंनी शुभ्र वस्त्रे नेसून, धूप जाळून त्याला अभिवादन केले. तुमच्यामुळेच आम्ही जगतो, समुद्रावर निर्धास्त फिरतो आणि मिळवलेले उपभोगतो, असे ते म्हणाले. प्रसन्न झालेल्या सम्राटाने आपल्या सोबत्यांना प्रत्येकी चाळीस सुवर्णनाणी दिली. मात्र एक शपथ घ्यायला लावली : हा पैसा अलेक्झांड्रियाचा माल विकत घेण्यासाठीच खर्च करायचा.

तीन खांबांची साक्ष

बंदरापासून थोड्याच अंतरावर, आजूबाजूच्या इमारतींपेक्षा बरेच खाली, जुन्या बाजाराचा चौक दिसतो. याला ‘माचेल्लुम’ म्हणतात. मध्यभागी वर्तुळाकार चौथरा, भोवती स्तंभांची ओसरी आणि त्यामागे दुकानांचे गाळे अशी याची रचना. 1750 मध्ये येथे खोदकाम झाले तेव्हा सेरापिस या इजिप्शियन-ग्रीक देवाची मूर्ती सापडली. त्यामुळे हे देऊळच असावे अशी समजूत दीर्घकाळ राहिली आणि स्थानिक लोक आजही याला ‘सेरापिसचे मंदिर’ म्हणतात. प्रत्यक्षात ही खाद्यपदार्थांची मंडई होती.

या चौकात संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. जमिनीपासून सुमारे साडेतीन मीटरपर्यंत ते गुळगुळीत आहेत. त्यावर पावणेतीन मीटरचा एक पट्टा असा आहे की, जणू कोणी गिरमिटाने भोके पाडली आहेत. ती भोके समुद्रातील दगड पोखरणाऱ्या शिंपल्यांची आहेत. याचा अर्थ सरळ आहे : रोमन काळानंतर ही सबंध जमीन खांबांसह समुद्रात खचली, खांबांचा खालचा भाग गाळात रुतून सुरक्षित राहिला, मधला भाग पाण्यात पोखरला गेला, आणि पुढे जमीन पुन्हा वर आली. इतके होऊनही खांब कोसळले नाहीत. भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल याने 1830 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठानंतरच्या पानावर याच खांबांचे चित्र छापले. पृथ्वीचा पृष्ठभाग हळूहळू वरखाली होत असतो याचा यापेक्षा बोलका पुरावा त्याला मिळाला नव्हता. पोत्सुओलीखाली विस्तीर्ण ज्वालामुखी क्षेत्र आहे आणि जमिनीचे हे श्वासोच्छ्वास त्याच्यामुळे चालतात. 1538 मध्ये तर गावाजवळ आठवड्याभरात एक नवी टेकडीच उभी राहिली. तिचे नावही ‘नवा डोंगर’ असेच आहे.

याच ज्वालामुखीची राख पुतेओलीचे एक मोठे धनही होती. चुन्यात मिसळली की ती पाण्याखालीही घट्ट होते, हे रोमन स्थापत्यशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने नोंदवले आहे. बंदरांचे धक्के बांधण्यासाठी ती दूरदूर जात असे. आजही अशा राखेला जगभर ‘पोत्सोलाना’ म्हणतात, ते या गावाच्या नावावरूनच.

सावकाराच्या पाट्या

पुतेओलीच्या व्यापाऱ्यांचे सर्वांत जिवंत दर्शन मात्र एका योगायोगाने घडले. 1959 मध्ये पाँपेईच्या बाहेर महामार्गाचे काम चालू असताना एका रोमन इमारतीत वेताच्या टोपलीत भरलेल्या मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या. त्या पुतेओलीच्या सुल्पिकी नावाच्या सावकारी पेढीच्या होत्या. कर्ज, तारण, लिलाव, हजर राहण्याचे करार असे शंभराहून अधिक दस्तऐवज त्यांत आहेत. या पेढीचे चालक जन्माने मोठे नव्हते. गुलामीतून मुक्त झालेली ही माणसे होती.

त्यांतील नोवियुस एउनुस या धान्यव्यापाऱ्याची कहाणी कोणत्याही काळातील वाटावी अशी आहे. 18 जून 37 रोजी त्याने 10,000 सेस्टर्स कर्जाऊ घेतले. तारण म्हणून अलेक्झांड्रियाचा 7,000 मापे गहू आणि हरभरा, मसूर इत्यादींची 200 पोती लावून दिली. एक माप म्हणजे साधारण पावणेनऊ लिटर. हे धान्य पुतेओलीच्या सार्वजनिक वखारीत साठवलेले होते. पंधरवडा पुरा होतो न होतो तोच, 2 जुलैला, त्याच मालावर त्याने आणखी 3,000 सेस्टर्स उचलले. कर्ज देणाऱ्याच्या वतीने व्यवहार पाहणारा हेसिखुस हा स्वतः गुलाम होता. म्हणजे पैसा मागणारा स्वतंत्र आणि पैसा मोजून देणारा दास, असा हा व्यवहार. हेसिखुस पुढे सम्राटाच्याच मालकीचा झाला.

दस्तऐवज करण्याची पद्धतही लक्षात ठेवण्याजोगी आहे. एकच मजकूर दोनदा लिहीत. आतली प्रत पाट्या मिटून दोऱ्याने बांधीत आणि साक्षीदारांच्या मोहरा लावून बंद करीत. बाहेरची प्रत वाचण्यासाठी उघडी असे. वाद उत्पन्न झाला तरच मोहरा फोडून आतली प्रत पडताळायची. एउनुसने आतला मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला आहे आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुकाच चुका आहेत. तो जसा बोलत असे तसाच लिहीत गेला. भाषापंडितांना या चुकांनी पहिल्या शतकातील बाजाराची बोली ऐकवली. बाहेरची प्रत मात्र लेखनिकाची, स्वच्छ व शुद्ध.

दोन वर्षांनंतरच्या, सन 39 च्या एका पाटीत एउनुस पुन्हा भेटतो. आता प्रश्न 1,250 सेस्टर्सचा आहे. ज्युपिटर देवाची, दिवंगत ऑगस्टसची आणि विद्यमान सम्राटाच्या कुलदैवताची शपथ घेऊन तो लिहून देतो की, येत्या 1 नोव्हेंबरला रक्कम फेडीन. न फेडल्यास शपथभंगाचा दोष माझ्यावर येईल आणि शिवाय दिवसाला 20 सेस्टर्स दंड भरीन. पहिल्या कर्जाच्या वेळी वखारभर गहू बोलत होता. शेवटी देवाची शपथ पुढे करावी लागली. माणसाची साख कशी उतरत जाते, हे सांगायला याहून अधिक शब्द लागत नाहीत.

साख वाढते कशी, याचेही उदाहरण त्याच काळातले आहे. आन्नी हे पुतेओलीत नांदणारे एक व्यापारी घराणे. तांबड्या समुद्राच्या जकातीचा मक्ता घेतलेल्या आन्नियुस प्लोकामुस याच्या एका मुक्त दासाचे जहाज वादळी वाऱ्याने थेट सिंहलद्वीपाला लागले. तेथील राजाने त्याच्याजवळची रोमन नाणी पाहिली. नाण्यांवरचे मुखवटे निरनिराळ्या राजांचे, पण वजन सर्वांचे सारखे! ज्या देशात राजा बदलला तरी नाण्याचे वजन बदलत नाही तो देश विश्वासू असला पाहिजे, असे मानून राजाने रोमला आपले दूत पाठवले, अशी हकीकत प्लिनी या रोमन ग्रंथकाराने दिली आहे.

देऊळ आणि रंगभूमी

समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ उंचवट्यावर ‘रिओने तेर्रा’ हा जुना गावभाग आहे. त्याच्या माथ्यावरील ख्रिस्ती देवालयाला 1964 च्या मे महिन्यात रात्री आग लागली. नंतरच्या काळातील सजावट जळून गेली आणि भिंतींच्या आत दडलेले ऑगस्टसच्या काळातील संगमरवरी मंदिर उघडे पडले. हे मंदिर लुकियुस काल्पुर्नियुस याने स्वतःच्या पैशाने सर्व अलंकरणासह उभारले, असा शिलालेख आहे. काल्पुर्नी हे व्यापारी घराणे; अलेक्झांड्रिया, आशिया आणि सीरिया येथे व्यापार करणाऱ्या सौदागरांनी याच घराण्यातील एकाचा शिलालेख कोरून गौरव केला होता. 2014 मध्ये देवालय पुन्हा उघडले, तेव्हा रोमन स्तंभ झाकून न टाकता त्यांच्यामध्ये काचेची भिंत बसवण्यात आली. मिळवलेल्या धनातून मंदिर बांधणाऱ्या श्रेष्ठींची परंपरा ज्यांना आबूच्या देलवाड्यापासून परिचित आहे, त्यांना येथे पाहुण्यासारखे वाटणार नाही. या उंचवट्याच्या पोटात, जमिनीखाली, रोमन रस्ते, दुकाने आणि भाजणीच्या भट्टीचे अवशेष मार्गदर्शकासह पाहता येतात.

गावाच्या वरच्या अंगाला असलेले प्रेक्षागार रोमच्या कोलोसियम आणि कापुआ यांच्या खालोखाल इटलीत तिसरे. 149 मीटर लांब आणि 116 मीटर रुंद असलेल्या या वास्तूवर ‘वसाहतीने स्वतःच्या पैशाने बांधले’ असे कोरलेले होते. याचे तळघर आश्चर्यकारक रीतीने शाबूत आहे. थंडगार बोळांतून फिरताना वरच्या चौकोनी झरोक्यांतून उजेड खाली येतो. हे झरोके कशासाठी हे कळले की मात्र पाऊल थबकते. येथे पिंजऱ्यांत कोंडलेली श्वापदे दोरांनी वर ओढून रिंगणात सोडली जात, आणि हजारो माणसे त्यांची व माणसांची हत्या पाहत बसत. ज्या गावाच्या पाट्यांत एकेका सेस्टर्सचा चोख हिशेब आहे, त्याच गावाच्या पैशातून हेही उभे राहिले. वखारी, मंदिर आणि हे तळघर अशी तिन्ही स्थळे एकाच दिवशी पाहणाऱ्याला संपत्तीच्या वापराविषयी वेगळे व्याख्यान ऐकण्याची गरज उरत नाही.

परदेशातील एका पेढीचे पत्र

पुतेओलीचा उतार बाहेरून सुरू झाला. सम्राट क्लॉडियसने सन 42 च्या सुमारास रोमजवळ नवे बंदर बांधायला घेतले, त्राजानने ते वाढवले आणि धान्याची जहाजे तिकडे वळली. या उताराचा सर्वांत हृदयस्पर्शी पुरावा म्हणजे सन 174 चे दगडावर कोरलेले एक पत्र. ते लिहिले आहे पुतेओलीत राहणाऱ्या टायरच्या व्यापाऱ्यांनी आपल्या मायदेशीच्या नगरसभेला.

टायर हे आजच्या लेबाननच्या किनाऱ्यावरील प्राचीन बंदर. तेथील व्यापाऱ्यांचे पुतेओलीत स्वतःचे ठाणे होते. पेढी, धर्मशाळा आणि देवस्थान या तिन्हींचे काम ते करी. पत्रात ते लिहितात : आमचे ठाणे इथल्या इतर ठाण्यांहून मोठे व अधिक सुशोभित आहे. पूर्वी येथे टायरचे पुष्कळ धनिक लोक राहत आणि तेच सर्व खर्च चालवीत. आता आम्ही मोजकेच उरलो आहोत. वाडवडिलांच्या देवतांच्या पूजेअर्चेचा खर्च आम्ही करतो. परंतु ठाण्याचे वर्षाचे 250 दिनार भाडे भरणे आता आमच्याने होत नाही. तरी हे ठाणे टिकून राहावे अशी व्यवस्था करावी. टायरच्या सभेत पत्र वाचले गेले. रोममधील टायरवासीयांचे ठाणे सुस्थितीत होते आणि पूर्वी तेच पुतेओलीचे हे भाडे भरत असे. ती जुनी रीत चालू राहावी, असे सभेत सांगण्यात आले.

दूरदेशी गेलेल्या कोणत्याही व्यापारी समाजाला हे पत्र आपलेच वाटेल. पहिली पिढी मंदिर आणि निवास उभारते; दुसरी ते वाढवते; मग व्यापाराची वाट बदलते, मुले नव्या शहरांकडे जातात आणि मागे राहिलेल्या चार घरांवर दिव्याचा खर्च येऊन पडतो. टायरच्या त्या मंडळींनी व्यापार आवरला असेल, पण पूजेचा खर्च आधी आणि भाड्याची चिंता नंतर, हा क्रम त्यांनी सोडला नव्हता. याच किनाऱ्यावर अरबस्तानातील नबाती व्यापाऱ्यांचेही देवस्थान होते. ते आता पाण्याखाली आहे. 2023 मध्ये त्यातील दोन वेद्या समुद्रतळाशी सापडल्या.

आजचे गाव

पोत्सुओलीची जमीन अजूनही स्वस्थ नाही. 1970 च्या 2 मार्चला रिओने तेर्रातील सर्व रहिवाशांना घरे सोडावी लागली. 1982 ते 1984 या काळात जमीन सुमारे 1.8 मीटर वर उचलली गेली आणि हजारो कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले. बंदर इतके उथळ झाले की होड्यांसाठी खालच्या पातळीवर नवा धक्का बांधावा लागला. 2005 पासून जमीन पुन्हा वर येत आहे. 20 मे 2024 रोजी 4.4 तीव्रतेचा भूकंप झाला आणि अनेक कुटुंबे पुन्हा घराबाहेर पडली. तरीही सकाळी मासळीबाजार भरतो, बेटांकडे जाणाऱ्या बोटी सुटतात, दुकानांच्या फळ्या उघडतात. पाहुण्याने या लोकांकडे भूकंपाची चौकशी कुतूहलाने करू नये. त्यांच्या घराचा तो प्रश्न आहे.

जाण्यासाठी नेपल्सच्या मोंतेसान्तो स्थानकावरून ‘कुमाना’ गाडी घ्यावी. तिचे पोत्सुओली स्थानक माचेल्लुम आणि बंदर यांच्या जवळ आहे. मुख्य स्थानकावरून ‘लिनेआ 2’ गाडीने आल्यास प्रेक्षागार जवळ पडते. रिओने तेर्राच्या भुयारी भागासाठी आधी नोंदणी करावी, आणि भूकंपामुळे स्थळे अधूनमधून बंद राहतात म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. सोल्फातारा हे धुमसणारे विवर 2017 च्या दुर्घटनेनंतर पर्यटकांसाठी बंद करण्यात आले.

भोजनाचा विचार आधीच केलेला बरा. इटलीतील पार्मेझानसारख्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील विरजण वापरतात. म्हणून ‘शाकाहारी’ पिझ्झाही चीजविना, लसणाविना, केवळ टोमॅटो व तुळशीच्या जातीची पाने घालून मागावा. उपाहारगृहे सायंकाळी साधारण साडेसातनंतर उघडतात. उन्हाळ्यात तेथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, त्यामुळे घाई केल्यास चौविहार साधतो. इतर ऋतूंत मात्र शिदोरी जवळ असावी. फळे, सुकामेवा आणि ताजा पाव सर्वत्र मिळतो.

परतताना नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात माचेल्लुममधील सेरापिसची मूर्ती पाहावी. सिंहासनावर बसलेल्या या देवाच्या मस्तकी मुकुटाच्या जागी धान्य मोजण्याचे माप आहे. एउनुसने गहाण ठेवलेला गहू ज्या मापाने मोजला गेला, तेच हे माप.